खिडकीखालची वाटी

मंडळी, बोटीच्या इंजिनाचं रडगाणं मागच्या नोंदीत संपलं. ह्या हिवाळ्यात खिडक्या. खरं सांगायचं तर त्या आणखी एक वर्ष ढकलायचा बेत होता. पण डाव्या बाकड्यावर खिडकीखाली ठेवलेली स्टीलची वाटी ऑगस्टपासून तिथून हलली नव्हती, आणि ऑक्टोबरात एका शनिवारी ती भरून गादीत सांडली. बायको शांतपणे म्हणाली, "पुढच्या वेळी घरून पातेलं आण." त्यानंतर बेत बदलला.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: बोट वेस्टर्ली सेंटॉर, २६ फुटी, १९७४ सालची. १९६९ ते १९८० ह्या काळात ह्या जातीच्या चोवीसशेहून जास्त बोटी बनल्या, त्यामुळे इंग्लंडच्या प्रत्येक खाडीत एक तरी दिसतेच. पोटाखाली दोन बाजूंना दोन कील (खाली उतरणारे वजनदार पंख), म्हणून ओहोटीला चिखलात बसली तरी दोन पायांवर सरळ उभी राहते. आमची पोर्ट्समथ बंदराच्या वरच्या अंगाला एका खाडीत असते. ती जिथे बनली ते वॉटरलूव्हिल इथून काही मैलांवर, म्हणजे पन्नास वर्षं समुद्र हिंडून बाई माहेरच्या अंगणातच येऊन बसल्या आहेत.

ऑक्टोबर: पाणी येतं कुठून

पाणी दिसायचं खिडकीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात. मी दोन वर्षं तोच कोपरा बुजवत होतो. आता लिहिताना लाज वाटते, पण आपल्यातल्या निम्म्यांनी हेच केलेलं असणार.

बोट किनाऱ्यावर काढल्यावर पाइपाने पाणी मारून बघितलं. नियम सगळ्यांना माहीत आहे: खालून सुरू करायचं आणि टप्प्याटप्प्याने वर जायचं. वरून मारलं तर सगळीकडेच ओघळ येतात आणि काही कळत नाही. मुलगी आत टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन बसली होती. पाऊण तास पाणी मारलं. टिश्यू कोरडा. "बाबा, खिडकी बरी झाली," असं जाहीर करून ती फोन बघायला लागली.

मग डोक्यात प्रकाश पडला. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही असं आपण म्हणतो, पण बोट वीस अंश कलली की वळचण आणि आढं दोन्ही जागा बदलतात. वाऱ्याविरुद्ध जाताना डावी बाजू खाली जाते, लाट खिडकीवर खालून वर आपटते आणि चौकटीच्या वरच्या कडेखाली घुसते. किनाऱ्यावर सरळ उभ्या असलेल्या बोटीवर अलगद पाणी सोडून हे कधीच दिसणार नाही. पाइपाचं तोंड खाली धरून वरच्या दिशेने जोरात मारलं, आणि तीन मिनिटांत आतून हाक आली.

खात्रीसाठी दुसरा प्रयोग केला. पाला उडवायचा ब्लोअर पुढच्या झडपेतून आत लावला, बाकीच्या फटी पॅकिंग टेपने बंद केल्या आणि बाहेरून खिडक्यांवर भांडी घासायच्या साबणाचं पाणी फासलं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसंच. ब्लोअर अगदी मंद ठेवा, बोटीचा फुगा करायचा नाहीये. बुडबुडे आले ते वरच्या कडेच्या मधोमध, जिथे ॲल्युमिनियमच्या चौकटीचे दोन तुकडे एकत्र येतात. तिथून शिरलेलं पाणी चौकटीच्या खाचेतून गोल फिरून, आतल्या प्लायवुडमागून घसरत, दीड फूट लांब मागच्या कोपऱ्यात प्रकट व्हायचं. मी दोन वर्षं चोराच्या घराला कुलूप लावत होतो.

नोव्हेंबर: सिलिकॉनच्या तीन पिढ्या

चौकट सोडवायला घेतली तेव्हा आधीच्या मालकांचा इतिहास थराथराने उलगडला. सगळ्यात वर पांढरा सिलिकॉन, बाथरूममधला. त्याखाली पारदर्शक. त्याखाली काळं काहीतरी, बहुधा मूळचं. प्रत्येकाने चौकट न काढता कडेवर एक बोट फिरवलं आणि बोट विकली.

तक्रार करतोय असं वाटेल, पण कारण समजून घ्या. बाहेरच्या कडेवर लावलेला सिलिकॉन चौकटीखालची फट भरत नाही, वर फक्त झाकण होतो. ते झाकण एका ठिकाणी सुटलं की पाणी आत जातं, बाहेर मात्र येत नाही. माझ्या चौकटीच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला दोन बारीक भोकं होती. दोन्ही सिलिकॉनने गच्च. म्हणजे गळती थांबवायच्या नादात कोणीतरी घराची पन्हळच बुजवली होती. वर बाथरूमचा सिलिकॉन बहुतेक व्हिनेगरसारखा वास मारणारा असतो. त्यातलं आम्ल ॲल्युमिनियम खातं.

सिलिकॉनचा दुसरा शाप असा की त्याचा पुसट थर राहिला तरी त्यावर पुढे काहीही नीट चिकटत नाही. रंग नाही, दुसरं सीलंट नाही, नवा सिलिकॉनसुद्धा धड नाही. प्लास्टिकचं पातं, मग सिलिकॉन काढायचं जेल, मग बारीक पॉलिश पेपर, असं दोन रविवार चाललं. परीक्षा सोपी: पुसलेल्या जागेवर पाणी शिंपडायचं. थेंब मण्यासारखे गोळा झाले तर सिलिकॉन अजून आहे, पाणी सपाट पसरलं तर गेला.

आता स्क्रू. चौकटीत २२ स्टेनलेस स्क्रू, सगळे ॲल्युमिनियममध्ये पन्नास वर्षं खारं पाणी पीत बसलेले. दोन वेगळे धातू आणि मीठ एकत्र आले की ॲल्युमिनियमचा जीव जातो, त्याची पांढरी भुकटी होते आणि ती स्क्रूला सिमेंटसारखी धरून ठेवते. तेल सोडून आठवडाभर थांबलो. मग सोल्डरिंग आयर्न प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवला आणि गार होऊ दिला, असं दोनदा. सतरा निघाले. पाचांची डोकी तुटली, ती ड्रिल करून काढली. शेजारच्या बोटीवरचे आजोबा चहाचा मग घेऊन बघत होते. म्हणाले, पाच म्हणजे फारच छान.

चौकट निघाल्यावर आत प्लायवुड बोटाने दाबलं तर ओल्या बिस्किटासारखं. खालचा चार इंचांचा पट्टा कापून नवा बसवला, कडा इपॉक्सीने बंद केल्या. छताच्या अस्तराचा फोम ह्या बोटींमध्ये जुना झाला की पिठासारखा गळतो, तो पुरवठा चालू होताच. त्याबद्दल पुढच्या हिवाळ्यात, आयुष्य राहिलं तर.

डिसेंबर: जुनी की नवी

नव्या चौकटींचा भाव विचारला आणि फोन ठेवला. सगळ्या खिडक्या बदलायच्या तर मी बोट जितक्याला घेतली त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका खर्च. मग प्रत्येक चौकट टेबलावर सपाट ठेवून बघितली. डावी मोठी सरळ होती, भुकटी साफ केल्यावर धातूही धड निघाला. उजव्या मोठीला कोपऱ्यात चीर होती. म्हणून निर्णय वेगवेगळे झाले: डावीला जुनी चौकट, नवी काच आणि नवं रबर. उजवीला चौकट रद्द, बाहेरून थेट ॲक्रिलिकची (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) जाड पाटी बोल्टने. दोन्ही बाजू वेगळ्या दिसतात. मला चालतं. बायको म्हणते, चष्म्याची एक काच फुटल्यावर दुसऱ्याच दुकानातून आणल्यासारखं.

डावी लवकर झाली. सांध्याच्या पट्ट्या सोडल्या की चौकट उघडते, जुनं ६ मिलिमीटरचं ॲक्रिलिक आणि कडक झालेलं रबर बाहेर. नवं रबर मोजापेक्षा थोडं लांब कापलं, कारण ते वर्षा-दोन वर्षांत आकसतं आणि नेमक्या सांध्यात फट पडते. रबराचा सांधा वर ठेवला, खाली कधीच नको. बसवताना साबणाचं पाणी लावा, व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं. चौकटीच्या दोन्ही सांध्यांमध्ये ह्या वेळी सीलंट भरलं आणि खालची दोन भोकं टाचणीने मोकळी केली.

जानेवारी: माझी ८५ पौंडांची चूक

उजवीसाठी ८ मिलिमीटर जाडीचं काळसर ॲक्रिलिक कापून आणलं, खिडकीच्या भोकापेक्षा चहूबाजूंनी २५ मिलिमीटर मोठं. बोल्टांची भोकं स्वतः पाडली. साधं ड्रिलचं टोक ॲक्रिलिकमध्ये एकदम घुसतं आणि आरपार जाताना चीर पाडतं, म्हणून टोकाची धार आधी थोडी बोथट केली, खाली लाकूड घेतलं आणि सावकाश चाललो. सोळा भोकं, एकही चीर नाही. मी खूश.

आणि मग कडांवरचा तेलकटपणा पुसायला ॲसिटोन घेतलं.

सकाळी प्रत्येक भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा. कापताना आणि ड्रिल करताना ॲक्रिलिकच्या आत ताण राहतो. ॲसिटोन, थिनर, स्पिरिट, ह्यांतलं काहीही लागलं की तो ताण चिरांच्या रूपात बाहेर येतो. हे मला माहीत होतं. डब्यावर हात गेला तेव्हा आठवलं नाही, एवढंच. दुसरी पाटी ८५ पौंड. ती साबणाच्या कोमट पाण्याने धुतली.

दुसऱ्या पाटीच्या भोकांचा हिशोब मात्र नीट मांडला, तो इथे देतो. ॲक्रिलिक दर मीटरला दर अंशाला साधारण ०.०७ मिलिमीटर वाढतं, बोटीच्या अंगाचं फायबर त्याच्या तिसऱ्या हिश्शाने. माझी पाटी ६२ सेंटिमीटर लांब. जानेवारीच्या गोठणबिंदूपासून जुलैच्या उन्हात तापलेल्या काळ्या पाटीपर्यंत पंचेचाळीस अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे पाटी दोन मिलिमीटर वाढते आणि तिच्याखालचं फायबर पाऊणएक. मधला सव्वा मिलिमीटर कुठेतरी जायला हवा. बोल्ट ५ मिलिमीटरचे, तर भोकं ७ ची. डोकं सपाट असलेले बोल्ट, खाली वॉशर. शंकूसारखं डोकं आत बसवाल तर ते पाचरीसारखं काम करतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात पाटी तडकते.

रेवदंड्याला काकांच्या मचव्याचे सांधे भरताना लहानपणी बघत बसायचो. फळ्यांमध्ये कापसाची वात ठोकायची, वरून राळ. मचवा पाण्यात उतरला की लाकूड फुगतं आणि सांधा स्वतःच आवळतो. लाकडाची ती माया फायबरला नाही. ते फुगत नाही, काच वेगळ्याच तालावर हलते, आणि मधल्या पदार्थाला दोघांचंही सांभाळून घ्यावं लागतं. म्हणून मी गोंद वापरला नाही, ब्युटाइल टेप वापरली. ती कधी वाळतच नाही, च्युइंगगमसारखी राहते. ताकद बोल्टची, टेपने फक्त फट भरायची. शिवाय पाच वर्षांनी पाटी काढायची वेळ आली तर पात्याने निघते. पॉलियुरेथेनच्या गोंदाने चिकटवलेली खिडकी काढायला करवत लागते, आणि त्यातले बरेच गोंद ॲक्रिलिकला प्राइमरशिवाय चालतही नाहीत.

फेब्रुवारी: थंडी आणि घाई

ब्युटाइल लावली त्या दिवशी पारा ४ अंशांवर. टेप लाकडासारखी कडक. मी बोल्ट जोर लावून आवळले, आणि पाटी दोन बोल्टांच्या मध्ये कमानीसारखी वर उचलली गेली. सगळं सोडवलं. टेपचा गुंडाळा गरम पाण्याच्या पिशवीबरोबर टॉवेलात गुंडाळून ठेवला, पाटीवर आणि फायबरवर हेअर ड्रायर फिरवला, आणि पुन्हा सुरुवात. प्रत्येक बोल्टभोवती टेपची बारीक वळी करून भोकात दाबली, कारण पाणी कडेपेक्षा भोकातून जास्त येतं.

आवळण्याची घाई नाही. पहिल्या दिवशी बोटांनी जेवढं जमेल तेवढं. मग रोज पाव-पाव फेरा, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, आठवडाभर. ब्युटाइल सावकाश सरकते, तिला वेळ लागतो. सातव्या दिवशी चहूबाजूंनी सारखी काळी किनार बाहेर आली, ती प्लास्टिकच्या पात्याने कापली. पहिल्या उन्हाळ्यात आणखी थोडी बाहेर येईल, तेव्हा पुन्हा कापायची. घाबरून पुन्हा आवळत सुटायचं नाही.

मधे एका रात्री वादळ आलं आणि उजवीकडच्या भोकावर बांधलेली ताडपत्री आजोबांच्या डोलकाठीला जाऊन अडकली. त्यांनी ती घडी करून परत दिली. ह्याहून जास्त ते बोलले नाहीत.

मार्च: पाणी पुन्हा

ब्लोअर, साबण, पाइप. डावीकडे बुडबुडे नाहीत, उजवीकडे नाहीत. मग खरी परीक्षा: बोट पाण्यात, सोलेंटमध्ये (पोर्ट्समथसमोरची सामुद्रधुनी) नैर्ऋत्येचा वारा, ओहोटीचा प्रवाह वाऱ्याच्या उलट, आखूड उभ्या लाटा. डावी बाजू तासभर पाण्यात बुडवून ठेवली. मुलगी आत बाकड्यावर टिश्यू घेऊन, थोडी हिरवी पडलेली. दोन्ही खिडक्या कोरड्या.

वाटी मात्र घरी गेलेली नाही. परतताना बाकड्याच्या पुढच्या टोकाला दोन चमचे पाणी दिसलं. वर बघितलं तर छतावरच्या लाकडी हँडरेलचा तिसरा बोल्ट. वाटी दोन फूट पुढे सरकवली आहे. ब्युटाइलचा अर्धा गुंडाळा शिल्लक आहे, एप्रिलात हँडरेल काढतो. कोणी सेंटॉरवर हे बोल्ट काढले असतील तर नट आत अस्तरामागे मोकळे आहेत की फायबरमध्ये पुरलेले, तेवढं सांगा.