न ऐकू येणारे स्वर

सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे साध्या सीडीहून आवाजाचा कितीतरी अधिक तपशील साठवणारी तबकडी, ट्रेमध्ये ठेवली की माझा प्लेयर ती आत ओढून घेतो आणि काही क्षण गप्प बसतो. साध्या सीडीला तो एवढा वेळ लावत नाही. समोरच्या अरुंद पट्टीवर ‘रीडिंग’ ही अक्षरे उमटतात, आत लेन्स वरखाली सरकल्याची बारीक कुरकुर ऐकू येते, आणि मग कुठे ‘एसएसीडी’ लिहिलेला टिकलीएवढा दिवा लागतो. परवा दुपारी शेजारी बसलेल्या भाचीने विचारले, “मामा, बिघडलाय का हा?” मी तिला म्हटले, “बिघडला नाही, विचार करतोय.” आणि ते अगदीच खोटेही नव्हते, कारण या तबकडीच्या पोटात बहुधा दोन थर असतात आणि त्यांतला कोणता वाचायचा हे त्याला आधी ठरवावे लागते. ७८० नॅनोमीटरचा अवरक्त किरण मधल्या थरातून आरपार जातो आणि खालची साधी सीडी वाचतो. ६५० नॅनोमीटरचा लाल किरण मधल्या थरावरूनच परततो आणि तिथे दाटीवाटीने कोरलेले सगळे वर आणतो.

खालचा थर मी कधीच लावत नाही. त्याला कारण विचारू नये. सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ साली ही तबकडी बाजारात आणली, तेव्हापासून तिच्याविषयी जे जे छापून आले ते मी भक्तिभावाने वाचले आहे. सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची नोंद घेते, तर हिच्यात एकेका बिटाच्या २८,२२,४०० नोंदी असतात. हिच्यातले स्वर १०० किलोहर्ट्झपर्यंत पोहोचू शकतात असे सांगितले जाते. माणसाचा कान, तोही कोवळ्या वयातला, २० किलोहर्ट्झला हात टेकतो, आणि माझ्या वयाला त्याच्या बऱ्याच अलीकडे. म्हणजे माझ्या बैठकीच्या खोलीत रोज जे वाजते त्याचा मोठा भाग एखाद्या वटवाघळाने येऊन ऐकावा अशा योग्यतेचा असतो. तरीही तो वाजतो आहे या जाणिवेने मला बरे वाटते.

या समाधानाला सुरुंग लावणारी माणसेही आहेतच. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान या दोघांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाच्या तबकडीचा आवाज एकदा जसाच्या तसा आणि एकदा साध्या सीडीच्या चाळणीतून गाळून ऐकवायचा, आणि कोणता कोणता ते ओळखायला सांगायचे. एकूण ५५४ वेळा विचारले गेले आणि २७६ वेळा उत्तर बरोबर आले. छापा-काटा केला असता तरी याहून वेगळे काही हाती लागले नसते. पुढे २०१६ साली जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांची आकडेवारी एकत्र मांडली, तेव्हा शंभरात बावन्नच्या आसपास उत्तरे बरोबर येतात, म्हणजे फरक अगदी थोडा का होईना पण कळतो, असे निघाले. पन्नासाच्या वरच्या त्या दोघांत मी असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

मात्र मायर आणि मोरान यांच्या लेखात आणखी एक निरीक्षण आहे, आणि आकड्यांच्या भांडणात ते नेहमी मागे पडते. यातल्या बऱ्याच तबकड्या बाजारातल्या सर्वसाधारण सीडींपेक्षा खरोखरच चांगल्या वाजतात, असे त्यांनीच नोंदवले आहे. त्याचे श्रेय बिटांना नाही, तर त्या तयार करणाऱ्यांना. ही तबकडी विकत घेणारा माणूस गाडी चालवताना किंवा भांडी घासताना ऐकणार नाही, तो समोर बसेल, असे गृहीत धरून मास्टरिंग करणारा, म्हणजे ध्वनिमुद्रणावर शेवटचा हात फिरवणारा, आवाजाला उगीच फुगवत नाही; हळू जागा हळू ठेवतो. मला हे वाचून हायसे वाटले होते आणि थोडे खट्टूही व्हायला झाले होते.

लहानपणी आमच्या घरी रेकॉर्ड लावणे हे फक्त वडिलांचे काम होते. दोन्ही तळहातांत कडा धरून ते ती पाकिटातून बाहेर काढत, उजेडाकडे तिरकी करून पाहत, मखमली ब्रश गोल फिरवत, आणि फुंकर मारायला पुढे झालेल्या माझ्याकडे असे बघत की ओठांचा चंबू आपोआप मिटे. मग सुई टेके. धावायचे नाही, सुई उडेल. गाण्याआधी जी खरखर येई, तिच्यातच आम्ही सगळे गप्प होत असू, त्यामुळे गाणे सुरू होण्याआधीच ऐकणे सुरू झालेले असे.

जुन्या चुंबकीय फितींवरून केलेल्या एसएसीडींवर तसे काहीतरी सापडते. आधी फितीची अगदी बारीक सळसळ येते, मग सभागृहाची हवा जाणवते, आणि त्यानंतर पहिला स्वर. पियानोचा शेवटचा ठोका विरत असताना वाजवणाऱ्याने पेडलवरचा पाय उचलल्याचा दबका आवाज येतो आणि तेवढ्यात बाकही करकरतो. आरसीए या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीने १९५० च्या दशकात काही वाद्यवृंद डाव्या, मधल्या आणि उजव्या अशा तीन ट्रॅकांवर ध्वनिमुद्रित केले होते, पण घरोघरच्या स्टिरिओला दोनच स्पीकर असल्यामुळे मधला ट्रॅक कायम उरलेल्या दोघांत वाटून टाकावा लागला. २००४ पासून त्या ध्वनिमुद्रणांच्या एसएसीडी निघू लागल्या, तेव्हा मधल्याला पहिल्यांदा घरात स्वतःची जागा मिळाली. हा एक मुद्दा मला कोणत्याही वादात पुरतो.

एरवी या तबकडीच्या निर्मात्यांनी तिचे नुकसानच अधिक केले. चोरीच्या भीतीने त्यांनी तिला अशी कुलुपे घातली की सुरुवातीच्या प्लेयरांतून तिचा मूळ डिजिटल प्रवाह साध्या ऑप्टिकल वायरीने बाहेर येईना. सहा स्पीकर असतील तर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे आडवे होऊन सहा वेगवेगळ्या वायरी खोचा, हाच उपाय होता. प्रतिस्पर्धी डीव्हीडी-ऑडिओची तऱ्हा आणखी न्यारी. तिच्या कितीतरी तबकड्यांवर हवा तो ट्रॅक निवडायला टीव्ही लावावा लागे. हे दोघे भांडत राहिले आणि लोक एमपीथ्रीकडे निघून गेले. लोकांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

आता हे प्लेयर फार थोडे बनतात. लेझर म्हातारा होतो, लेन्सही थकते, आणि माझ्या प्लेयरचा विचार करण्याचा वेळ अलीकडे वाढला आहे, हे मी भाचीला सांगितलेले नाही. एके दिवशी लाल किरण मधल्या थरावरून परतणार नाही. तबकडी वाया जाणार नाही, कारण खालचा थर कोणत्याही साध्या सीडी प्लेयरवर वाजेल आणि सूरही तेच असतील. मी मात्र खुर्चीत बसून आवाजातली जान गेली म्हणून हळहळत राहीन. त्या वेळी ५५४ आणि २७६ हे आकडे मला कोणी ऐकवू नयेत.