बाबांच्या चौदा कॅसेट्स जतन करताना

बाबांनी १९९९ ते २००६ या काळात मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर केलेल्या चित्रीकरणाच्या चौदा कॅसेट्स कपाटात पडून होत्या. आजीचा आवाज आता फक्त त्यांतच उरला आहे, म्हणून त्या दीर्घकाळ टिकणाऱ्या डिस्कवर उतरवून ठेवायचे मी ठरवले. कोणती डिस्क किती वर्षे टिकते, हे शोधण्यात मी बराच वेळ घालवला. पण त्या डिस्कवर नेमके काय लिहिले जाणार आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. तो न विचारल्यामुळे माझे तीन महिने गेले आणि त्याची चीड अजून मनातून गेलेली नाही.

कॅसेट्स मी व्हिडिओ रूपांतर करून देणाऱ्या एका दुकानात दिल्या. दर्जा मूळचाच राहील, असे आश्वासन मिळाले. दहा दिवसांचे काम पाच आठवड्यांनी झाले आणि माझ्या हातात चौदा डीव्हीडी ठेवण्यात आल्या. मिनीडीव्ही कॅसेटवर चित्र मुळातच डिजिटल स्वरूपात असते. केवळ चित्रासाठी सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट माहिती तिच्यावर नोंदलेली असते आणि फायरवायर केबलने ती जशीच्या तशी संगणकात घेता येते. डीव्हीडीवरील चित्राला मात्र सेकंदाला ९.८ मेगाबिटची कमाल मर्यादा आहे. म्हणजे मला मिळालेली प्रत पुन्हा एकदा कॉम्प्रेस केलेली होती. आजी हात हलवत कॅमेऱ्याकडे येते, त्या दृश्यात तिच्या बोटांभोवती चौकोनी ठिपके उमटत होते. त्याहून मोठे नुकसान तारखांचे होते. कॅमेरा प्रत्येक फ्रेमसोबत चित्रीकरणाची तारीख आणि वेळ कॅसेटवर नोंदवतो. डीव्हीडीत ती नोंद उरलीच नव्हती. एक दृश्य आजीच्या आजारपणापूर्वीचे की नंतरचे, यावर आमच्या घरात वर्षानुवर्षे मतभेद आहेत, आणि त्याचे उत्तर देणारी एकमेव नोंद अशी गळून गेली होती.

मी तक्रार केली तेव्हा टीव्हीवर फरक दिसत नाही, असे सांगण्यात आले. मूळ फाइल मागितल्यावर ती ठेवली जात नाही, असे उत्तर मिळाले. निदान कॅसेट्स परत द्या, असे म्हटले, तर त्या काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे असल्याचे कळले. पुढचे सात आठवडे मी फोन करत राहिले. दर वेळी नवा आवाज, आणि दर वेळी सारी हकिगत पहिल्यापासून. माझ्या पावतीवर ‘कॅसेट्स, एक पिशवी’ एवढेच लिहिलेले होते, त्यामुळे चौदापैकी एखादी गहाळ झाली असती, तरी मला ते सिद्ध करता आले नसते. प्रत्येक कॅसेटवर क्रमांक घालून ते सर्व क्रमांक पावतीवर लिहून घ्या, आणि ‘फायरवायरने घेतलेली मूळ डीव्ही फाइल, पुन्हा कॉम्प्रेस न करता’ अशी मागणी कॅसेट्स हातातून सोडण्यापूर्वी लेखी द्या, असे मी आता प्रत्येकाला कळकळीने सांगते. अखेरीस चौदाही कॅसेट्स परत आल्या. ती पिशवी उघडून मोजताना माझे हात थरथरत होते.

पुढचे काम मी स्वतःच केले. नव्या संगणकांना फायरवायरची जागा नसते, म्हणून मामेभावाचा जुना संगणक आणि त्याचाच चालू स्थितीतील कॅमेरा आणला. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो आणि तिची सुमारे १३ जीबीची फाइल होते. कॅसेटच्या कडेची छोटी खिट्टी आधी ‘सेव्ह’कडे सरकवावी, म्हणजे चुकूनही तिच्यावर नवे चित्रीकरण होत नाही, हे मला तिसऱ्या कॅसेटच्या वेळी आठवले.

डिस्क म्हणून मी एम-डिस्क निवडली. सामान्य लिहिण्यायोग्य डीव्हीडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो आणि तो काळानुसार खराब होतो. एम-डिस्कचा थर असेंद्रिय पदार्थाचा असतो. हजार वर्षांचा आकडा हा निर्मात्यांचा दावा आहे. माझी भिस्त त्या आकड्यावर नसून थराच्या स्वरूपावर आहे. २५ जीबीच्या डिस्कवर तासाच्या दोन कॅसेट्स अगदी थोडक्यात मावत नाहीत, म्हणून १०० जीबीच्या डिस्क घेतल्या आणि प्रत्येकीवर सात कॅसेट्स बसवल्या. त्यासाठी बीडीएक्सएल, म्हणजे जास्त क्षमतेच्या ब्लू-रे प्रकारच्या डिस्क लिहू शकणारा ड्राइव्ह लागतो, हे खरेदीपूर्वीच पाहावे. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधील माहितीवरून काढलेला, ती बदलली तर बदलणारा आकडा) काढून त्याची यादी डिस्कवरच ठेवली, आणि लिहून झाल्यावर डिस्क पूर्ण वाचून यादीशी ताडून पाहिली. डिस्कवर चिकटपट्टीचे लेबल लावू नये. मधल्या पारदर्शक वर्तुळावर पाण्याच्या शाईच्या पेनाने क्रमांक लिहावा.

एक संच माझ्याकडे आणि दुसरा भावाकडे आहे. तिसरी प्रत हार्ड डिस्कवर आहे. भावाने आपल्या संगणकावर सगळे चेकसम ताडून पाहिले आणि ते जुळले. आजीच्या त्या दृश्याची तारीखही मिळाली: ते आजारपणापूर्वीचेच आहे, बाबा म्हणत होते तसे. नवव्या कॅसेटवरची साधारण चार मिनिटे मात्र, कॅमेऱ्याचे हेड साफ करूनही, तुटक येतात. ती कॅसेट मी टाकून दिलेली नाही. दुसऱ्या कॅमेऱ्यावर ती पुन्हा उतरवून पाहणार आहे.