हिंगण

पारोळ्याहून अमळनेरला येताना गाडी एकदम डगमगली. मागचं चाक बसलं होतं. उन्हात ढकलत ढकलत टपरीपर्यंत नेली. पोराने ट्यूब पाण्यात बुचकळली, मग पकडीने टायरमधून बोटाएवढा काटा ओढून काढला. "हिंगणना काटा शे भाऊ," म्हणाला आणि तो माझ्या तळहातावर ठेवला, माझीच हरवलेली वस्तू परत करावी तसा.

होतीच ती माझी. या काट्यांखालून आमचं अर्धं लहानपण सरपटत गेलंय.

टपरीमागे, बाभळींच्या रांगेत, झाड उभंच होतं. माघ चाललेला, खाली फळं पडलेली. पिवळट, ठिसूळ साल नखाने टचकन फुटते. आत चिकट गर, त्याच्या आत दगडासारखी आठळी. एक तोंडात टाकलं. आधी गूळ लागतो. मग त्या गुळात कुणी साबण कालवलाय असं वाटतं. कालवलेला असतोच म्हणा, या फळाचा फेस करून लोक कपडे धूत. तरी मी दुसरं उचललं. चिक्कू मला आवडत नाही हे कुठेही ठणकावून सांगेन, पण हिंगण आवडतं की नाही, हे पन्नाशी आली तरी ठरत नाही.

सुदानच्या बाजारात म्हणे ही फळं लालोब नावाने विकायला असतात, पोरंसोरं गोळीसारखी चघळतात. झाडाच्या शास्त्रीय नावातच इजिप्त आहे, तिथल्या प्राचीन थडग्यांत याच्या आठळ्या सापडल्यात. इंदूरकडच्या गौतमपुऱ्यात तर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पोखरलेल्या हिंगोटात दारू भरतात, पेटवतात आणि दोन्हीकडचे एकमेकांवर फेकतात. आमची लढाई साध्या आठळ्यांवर भागायची. माझ्या भुवईवर त्याची खूण आहे. मारणारा आता मास्तर आहे.

मोठीमाय मात्र हिंगणं पाहिली की खवळायची. "नको खाऊ रे, पोट दुखी!" एरवी बोरं, चिंचा, कच्च्या कैऱ्या, कशालाच तिची ना नसे. एकदा भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली, 1972 च्या दुष्काळात आम्ही हेच खाल्लं. पुढे काही बोलली नाही. आम्हीही विचारलं नाही, आमचं लक्ष तव्यावर.

संस्कृतात हिंगणाला इंगुदी म्हणतात. वनवासात वडील गेल्याचं कळलं तेव्हा रामाने इंगुदीच्या पेंडीत बोरं मिसळून त्यांना पिंड दिला. आम्ही खातो तेच तुम्ही गोड मानून घ्या, असं म्हणाला.

पोराने हाक मारली. पैसे दिले, काटा खिशात टाकला.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही मोठीमायच्या नावाने आगारी टाकतो, निखाऱ्यावर पितरांचा घास. पुरणपोळी, आमरस, वरून तुपाची धार.