आर७२० लॉग, भाग ३: प्रोसेसर बदलले, पण ८ जीबी रॅम गेली कुठं?

भावांनो, रविवारी शेवटी पॉवरएज आर७२०, म्हणजे डेलचा सर्व्हर, उघडला. मागचं ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मशीन कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसातनं निघालेलं, आत दोन झिऑन ई५-२६२० प्रोसेसर, म्हणजे ६-६ कोअर, आणि ८ जीबीच्या ८ आरडीम (सर्व्हरच्या रॅमच्या काड्या). आता ई५-२६६० व्ही२ (व्ही२ म्हणजे पुढची पिढी) ची जोडी मिळाली, १०-१० कोअर. टीडीपी, म्हणजे प्रोसेसर किती उष्णता टाकतो तो आकडा, जुन्याचा पण ९५ वॅट आणि नव्याचा पण ९५, त्यामुळं हीटसिंक तेच चालले. मला हे लै महत्त्वाचं होतं कारण उष्णता वाढली की पंख्यांचा आवाज वाढतो, मशीन माळ्यावर असतं आणि खालच्या खोलीत आई झोपते.

सगळ्यात आधी बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) नवं केलं, आणि तेही जुने प्रोसेसर बसलेले असतानाच. व्ही२ ला २.० च्या पुढचं बायोस लागतं, माझं १ च्या मालिकेतलं होतं, तसेच प्रोसेसर टाकले असते तर मशीन उठलंच नसतं आणि परत जुने लावत बसलो असतो. आयड्रॅकमधनं (डेल सर्व्हर दुरून सांभाळायची सोय) फाइल चढवली, मशीन यूपीएसवर ठेवूनच, कारण मधेच लाइट गेली तर बोर्ड हातचा जातो.

मग झाकण काढलं. हीटसिंकच्या पात्यांत काळी बारीक धूळ नुसती ठासून भरलेली. हीटसिंक गॅलरीत नेऊन चुंबक धरला तर ती धूळ टोकाला केसासारखी उभी राहिली. लोखंडच ते! असली धूळ सॉकेटच्या पिनांवर पडली तर शॉर्ट व्हायची भीती, म्हणून आत ब्लोअर अजिबात मारला नाही, मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम, तासभर गेला पण जीवाला शांती. आपल्याकडं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावातनं मशीन घेणाऱ्यांनी हे पहिलं बघा.

प्रोसेसर बसवले, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारी) लावली, बटण दाबलं. मेमरी मोजायला बराच वेळ लागला आणि स्क्रीनवर ५६ जीबी. ए३ नावाचा रॅमचा स्लॉट रिकामा दाखवत होता. ए३ ची काडी ए१ ला लावली तर तिथं मस्त चालली, ए१ ची ए३ ला लावली तर ती गायब. म्हणजे काडी चांगली होती, दोष स्लॉटच्या बाजूला होता. पण या झिऑनमध्ये मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) प्रोसेसरच्या आतच असतोय, ए३ ची लाइन सॉकेटच्या २०११ पिनांमधनंच जाते, म्हणून बोर्डला नावं ठेवायच्या आधी पहिला प्रोसेसर परत बाहेर काढला. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघितलं, खालच्या सोनेरी ठिपक्यांवर एका कडेला जुन्या पेस्टचा राखाडी पातळ डाग! सेकंडहँड प्रोसेसरला आधीच्या मालकाच्या हातची पेस्ट होती ती, मी फक्त वरची बाजू पुसली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्मा पुसायचं कापड घेऊन हलक्या हातानं पुसलं. सॉकेटच्या पिनांना हात लावला नाही, त्या वाकल्या की संपलं.

परत चालू केलं, ६४ जीबी. शिवाय जुन्या प्रोसेसरवर १३३३ च्या स्पीडला अडकलेली हीच रॅम आता १६०० वर पळतीय. प्रॉक्समॉक्समध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) ४० थ्रेड, म्हणजे प्रत्येक कोअरला दोन, दिसले तेव्हा आईला वर बोलावून दाखवलं.

आता एच७१० मिनी (यातलं डिस्क जोडायचं रेड कार्ड) आयटी मोडला फ्लॅश करायचाय, म्हणजे डिस्क थेट दिसतील, झेडएफएस या फाइल सिस्टमसाठी. कार्डाची आवृत्ती बी० की डी१ हे तुम्ही कार्ड न काढता कसं ओळखलं, कुणी केलं असेल तर सांगा, त्याआधी मी हात लावणार नाही.