पदव्युत्तर जीवशास्त्र: अभ्यासक्रम निवडण्याआधी आठवडे मोजा

एमएस्सी करावी, एमरेस (संशोधनावर भर असलेलं मास्टर्स) करावी की थेट पीएचडीला अर्ज टाकावा, असं विचारलं की बहुतेक उत्तरं विद्यापीठाच्या नावाभोवती आणि क्रमवारीभोवती फिरतात. जीवशास्त्रात त्याआधी एक रुक्ष हिशेब मांडावा लागतो. या वाटेवर सलग किती आठवडे लॅबमध्ये किंवा फील्डवर मिळणार, आणि ज्या जीवावर काम करायचंय त्याची पिढी तेवढ्यात बसते का? कोणाचं सेमिस्टर संपत आलंय म्हणून उंदीर लवकर वयात येत नाही.

आधी वाटा बघू. १९९९च्या बोलोन्या घोषणेनंतर युरोपात क्रेडिटची पद्धत बरीचशी एकसारखी झाली. दोन वर्षांचं मास्टर्स १२० क्रेडिटचं, एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तास काम, आणि शेवटचं ३० क्रेडिटचं सेमिस्टर बऱ्याच ठिकाणी पूर्णपणे प्रबंधाला दिलेलं. ब्रिटनमधली टॉट (म्हणजे मुख्यतः वर्गात शिकवली जाणारी) एमएस्सी एका वर्षाची, १८० क्रेडिटची. तिथली दोन क्रेडिट म्हणजे युरोपातलं एक. त्यातली साधारण ६० प्रकल्पाला, म्हणजे उन्हाळ्यातले जेमतेम तीन महिने. एमरेसमध्ये पारडं उलटं असतं, निम्म्याहून जास्त क्रेडिट संशोधनाला. ऑस्ट्रेलियात तीन वर्षांच्या पदवीनंतर एक ऑनर्सचं वर्ष करून, वर्ग चांगला मिळाला तर मास्टर्स न करताच पीएचडीला जाता येतं. अमेरिकेत जीवशास्त्राची बहुतेक मुलं पदवीनंतर थेट पीएचडीत शिरतात आणि पाच-सहा वर्षं तिथे काढतात. मधेच सोडावं लागलं तर अनेक ठिकाणी मास्टर्स पदरात पडतं. भारतातली इंटिग्रेटेड पीएचडी साधारण याच जातकुळीची.

आता हिशेब. सहा महिन्यांचा प्रबंध म्हणजे २६ आठवडे. सुरक्षेचं प्रशिक्षण, प्रोटोकॉल समजून घेणं आणि हात बसणं यात तीन जातात. प्रायमर (डीएनएचे छोटे मागवलेले तुकडे) आणि अँटिबॉडी यायची वाट बघणं, यंत्राचं बुकिंग, सुट्ट्या यात आणखी दोन. विश्लेषण आणि लेखनाला सहापेक्षा कमी ठेवले तर शेवटी रडावं लागतं. उरले १५. एक मोठा प्रयोग फसणारच, हे गृहीत धरून चार आठवडे बाजूला काढा. हातात राहतात ११. तीन महिन्यांच्या प्रकल्पाला याच प्रमाणात कात्री लावली तर पाच-सहा उरले तरी नशीब.

ई. कोलाय पोषक माध्यमात ३७ अंशांवर २० मिनिटांत दुप्पट होतो, यीस्टला दीड तास लागतो. सी. एलेगन्स हा सूत्रकृमी २० अंशांवर साडेतीन दिवसांत अंड्यापासून प्रौढ होतो. फळमाशीची पिढी २५ अंशांवर दहा दिवसांची. अ‍ॅराबिडॉप्सिस या रोपाला बी ते बी सहा ते आठ आठवडे, झेब्राफिशला तीनेक महिने. उंदराचा गर्भकाळ १९ ते २१ दिवस आणि वयात यायला सहा ते आठ आठवडे, म्हणजे पिढीला दहाएक आठवडे. ११ आठवड्यांत माशीच्या सात पिढ्या तर सहज होतात. उंदराची कशीबशी एक.

म्हणून ‘दोन उत्परिवर्ती उंदरांचा संकर करून दुहेरी उत्परिवर्ती तपासणे’ असं प्रकल्पाचं वर्णन दिसलं की कान टवकारा. दोन्ही जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असली तर पहिल्या पिढीत सगळी पिल्लं दोन्ही बाबतींत विषमयुग्मी, म्हणजे जनुकाची एक प्रत बदललेली आणि एक मूळ. त्यांचा आपसात संकर केल्यावर १६ पिल्लांत सरासरी एक हवं तसं निघतं. एका गटात सहा उंदीर हवे असतील तर ९६ पिल्लांचं जीनोटायपिंग (डीएनए तपासून जनुकाच्या प्रती ओळखणं) आलं. एका वेताला सहा-आठ पिल्लं धरली तर १२ ते १६ वेतं झाली. हे मास्टर्सच्या सहा महिन्यांत बसत नाही, आणि बसेल असं म्हणणाऱ्या मार्गदर्शकाने बहुधा शेवटचं जीनोटायपिंग स्वतःच्या हाताने करून बरीच वर्षं झालेली असतात. विचारायचा प्रश्न साधा आहे: ते प्राणी आज पिंजऱ्यात आहेत का? वनस्पतींसाठी हाच प्रश्न असा: समयुग्मी (जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असलेलं) बी तयार आहे, की अ‍ॅग्रोबॅक्टेरियममध्ये (वनस्पतीत जनुक घालणारा जीवाणू) फुलं बुडवण्यापासून सुरुवात आहे? बुडवण्यापासून असेल, तर पहिल्या पिढीत निवड, दुसरीत ३:१ प्रमाण बघणं, तिसरीत समयुग्मी ओळ पक्की करणं, असं करता करता पाच महिने उडतात.

परवानग्यांचंही तसंच. युरोपीय संघाच्या २०१०च्या प्राणी-संरक्षण निर्देशानुसार परिपूर्ण अर्जावर ४० कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो, गुंतागुंतीच्या प्रकरणात आणखी १५. ४० दिवस म्हणजे आठ आठवडे, तुमच्या सव्वीसपैकी! एथिक्सची परवानगी आधीच असेल आणि त्यात फक्त तुमचं नाव घालायचं असेल, तरच छोट्या प्रकल्पात पृष्ठवंशी प्राणी घ्या. गंमत म्हणजे त्या निर्देशात ऑक्टोपस, स्क्विडही येतात; माश्या-मुंग्या येत नाहीत.

इकॉलॉजीवाल्यांचं घोडं ऋतूपाशी पेंड खातं. ब्रिटनमध्ये बागेतले छोटे पक्षी एप्रिल-मेमध्ये अंडी घालतात, आणि एका वर्षाच्या एमएस्सीतलं फील्डवर्क बऱ्याचदा परीक्षा उरकल्यावर, मे संपता संपता सुरू होतं. तोवर अंड्यांचा मुख्य हंगाम सरलेला. तिथे परागीभवन करणारे कीटक किंवा तळ्यातले अपृष्ठवंशी घेणं शहाणपणाचं. पक्षीच हवे असतील तर दोन वर्षांचं मास्टर्स घ्या, म्हणजे एक हंगाम चाचणीला आणि एक खऱ्या मोजणीला मिळतो. परदेशात नमुने गोळा करायचे असतील तर ऑक्टोबर २०१४पासून लागू असलेल्या नागोया कराराखालची (दुसऱ्या देशातली जैविक संपत्ती वापरण्याबद्दलची) कागदपत्रंही लागू शकतात. ती निघाल्यावरच तिकीट काढा.

कमी मुदतीच्या वाटेवर जायचंच असेल, तर पहिल्याच आठवड्यात दुसरी योजना लिहून ठेवा, आणि ती खुल्या विदेवर (डेटावर) बेतलेली असू द्या. जनुक-अभिव्यक्तीची विदा जिओ (GEO) या संग्रहात, प्रजातींच्या नोंदी जीबिफ (GBIF) या संग्रहात विनामूल्य मिळतात. इन्क्युबेटर बंद पडला तरी प्रबंध उभा राहतो. संगणकावरचं काम म्हणजे दुधाची तहान ताकावर, असं लॅबमधल्या जुन्या मंडळींना वाटतं. हल्ली ते खरं राहिलेलं नाही.

मास्टर्सचे प्रबंध सर्वांत जास्त कशात मार खात असतील, तर प्रयोगाच्या आखणीत. उदाहरण घ्या. तापमानाचा अळ्यांवर परिणाम बघायचा आहे. एका इन्क्युबेटरमध्ये १८ अंशांवर ३० डिश, दुसऱ्यात २५ अंशांवर ३० डिश. विद्यार्थी नमुनासंख्या ३० लिहितो आणि पी-मूल्य (संख्याशास्त्रीय चाचणीचा आकडा) झकास येतं. खरी नमुनासंख्या आहे एक. कारण तापमान डिशला दिलेलं नाही, इन्क्युबेटरला दिलेलं आहे. दुसऱ्या इन्क्युबेटरचा पंखा जोरात असेल, आत ओलावा कमी असेल, दिवा वेगळा असेल, तर तो फरक आणि तापमानाचा फरक एकमेकांत असे मिसळतात की कुठल्याही चाचणीने सुटे होत नाहीत. स्टुअर्ट हर्लबर्ट या इकॉलॉजिस्टने १९८४मध्ये याला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ (खोटी पुनरावृत्ती) असं नाव दिलं आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) परीक्षक अजूनही याच्यावरच बोट ठेवतात. उपाय सोपा, पण वेळखाऊ: इन्क्युबेटरची तापमानं अदलाबदल करून सगळा प्रयोग पुन्हा करा, असं निदान चारदा, आणि विश्लेषणात एक फेरी म्हणजे एक नमुना धरा. एका फेरीला दोन आठवडे लागत असतील तर आठ आठवडे गेले. संख्याशास्त्रज्ञाकडे डिश लावण्याआधी जायचं. नंतर जाणं म्हणजे वरातीमागून घोडं.

पेशी वाढवणाऱ्यांचा शत्रू मायकोप्लाझ्मा हा जीवाणू. त्याला पेशीभित्ती नसते, म्हणून माध्यमात पेनिसिलिन घातलं तरी त्याचं काही बिघडत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटतो. माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, पेशी फक्त जरा मंद वाढतात. चौथ्या महिन्यात कळलं तर मागची सगळी विदा कचऱ्यात. गोठवलेल्या पेशींची व्हायल बाहेर काढली की पेशी वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा, पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या चाचणीने) तपासा, नंतर दरमहा तपासा. प्रवेश घेण्याआधी विचारा की या लॅबमध्ये शेवटची तपासणी कधी झाली. उत्तर द्यायला वेळ लागला तर ते उत्तरच समजा.

अमेरिकी धाटणीच्या पीएचडीत पहिल्या वर्षी तीन रोटेशन असतात, म्हणजे वेगवेगळ्या लॅबमधल्या आठ ते दहा आठवड्यांच्या पाळ्या. तिथे निकाल काढायच्या नादात पडू नका, दहा आठवड्यांत निकाल कोणालाच अपेक्षित नसतो. फ्रीझरचा नकाशा आहे का, सोडून गेलेल्या माणसाच्या वहीवरून दुसऱ्याला प्रयोग पुन्हा करता येतो का, मार्गदर्शक आठवड्यातून एकदा तरी भेटतात की उंटावरून शेळ्या हाकतात, हे बघा. आणि तिसऱ्या आठवड्यातच स्पष्ट विचारा की पुढच्या वर्षी नव्या विद्यार्थ्यासाठी निधी आहे का. तो नसेल तर बाकी सगळं आवडून उपयोग नाही.

पैशाचं थोडक्यात: टॉट मास्टर्स बहुधा स्वतःच्या खिशातून, अमेरिकेत जीवशास्त्राच्या पीएचडीला सहसा फी माफ आणि वर स्टायपेंड, जर्मनीसारख्या देशांत पीएचडी म्हणजे बऱ्याचदा अर्धवेळ किंवा दोन-तृतीयांश पगाराची नोकरी. कर्ज काढून मास्टर्स करायचं आणि मग पीएचडीच करायची असेल, तर आधी थेट पीएचडीचा अर्ज करून बघा.

अर्जांच्या तारखा लवकर असतात. अमेरिकेत पुढच्या शरद ऋतूतल्या प्रवेशासाठी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच बहुतेक दारं बंद होतात. शिफारसपत्रं देणाऱ्यांना सहा ते आठ आठवडे आधी सांगा, सोबत सीव्ही आणि त्यांच्याकडे केलेल्या कामाची पाच ओळींत आठवण द्या. मार्गदर्शकाला ईमेल करताना नमनालाच घडाभर तेल नको. दीडशे-दोनशे शब्द पुरेत. त्यांच्या पेपरमधल्या एखाद्या आकृतीवर खरा प्रश्न टाका: ‘तिसऱ्या आकृतीतला परिणाम २५ अंशांवर दिसतो, १८ अंशांवर दिसत नाही; तो वाढीच्या वेगामुळे नसेल हे कसं वगळलं?’ असा. आणि ‘पीसीआर येते’ असं लिहू नका. ‘प्रायमर स्वतः डिझाइन करून ४० नमुन्यांचं जीनोटायपिंग केलं’ असं लिहा. पाहिलेलं आणि केलेलं यातला फरक वाचणाऱ्याला एका ओळीत कळतो. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकच आठवण पाठवा.

होकार आल्यावर त्या लॅबमधून शेवटच्या बाहेर पडलेल्या तिघांची माहिती काढा. किती वर्षं लागली, पहिला पेपर कितव्या वर्षी आला, आता कुठे आहेत. नंतर तिथल्या सध्याच्या एका विद्यार्थ्याशी बोला, पण मार्गदर्शक समोर असताना नाही, आणि लॅबच्या ईमेलवर तर मुळीच नाही. त्याला एकट्याला गाठा, आणि ‘इथे कसं वाटतं’ असलं काही विचारू नका. गेल्या सहा महिन्यांत कुठला प्रयोग फसला, आणि फसला तेव्हा मीटिंगमध्ये काय झालं, एवढंच विचारा.