परिशिष्ट ‘ब’साठी झालेली रखडपट्टी

सायकल कंपनीतली डिझाईनची नोकरी सोडून मी नागपूरजवळ हिंगण्याला स्वतःचं वर्कशॉप टाकलं आणि संत्र्याचे क्रेट वाहून नेणारं, घडी होणारं सायकल कॅरिअर विकायला काढलं. थोड्याच दिवसांत जुन्या कंपनीच्या वकिलाची नोटीस: डिझाईन आमचं आहे, नेमणूकपत्राच्या परिशिष्ट ‘ब’चा भंग झालाय, १५ दिवसांत उत्पादन बंद करा.

हे परिशिष्ट मला कंपनीने कधी दिलंच नव्हतं. माझ्या वकील मॅडम म्हणाल्या, “आधी तो कागद आणा.”

एचआरला मेल केला, उत्तर आलं की विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे. फोन केला तर म्हणे लीगलला विचारा. लीगलवाले म्हणे, माजी कर्मचाऱ्यांशी आम्ही बोलत नाही, एचआरला विचारा. शेवटी स्वतः गेलो. ज्या गेटमधून रोज आत जायचो तिथे रजिस्टरमध्ये नाव लिहून बाकावर बसलो. संध्याकाळी निरोप आला: कागद गोपनीय आहे. ज्या अटी मोडल्या म्हणून माझा धंदा बंद करायला निघालात, त्या मलाच वाचू द्यायच्या नाहीत? हा संताप अजून उतरलेला नाही. तिकडे कळमना बाजारातल्या संत्रा व्यापाऱ्याच्या कानावर नोटीस गेली. “दादा, आधी तुमचं मिटू द्या,” म्हणत त्याने ऑर्डर थांबवली.

मॅडमनीच कोंडी फोडली. उत्तरात त्यांनी सगळे आरोप नाकारले आणि तीनच गोष्टी मागितल्या: माझ्या सहीचं परिशिष्ट, कोणतं ड्रॉइंग चोरलं त्याचा नंबर व तारीख, आणि त्यातलं नेमकं गुपित काय. मग कुठे स्कॅन आला. त्या पानावर माझी सहीच नव्हती! आणि कलम फक्त नोकरीच्या काळात, कंपनीच्या कामातून झालेल्या शोधांपुरतं होतं.

माझं पहिलं ड्रॉइंग रिलीव्हिंग लेटरनंतरचं. लोहा ओळीतल्या, म्हणजे लोखंडाच्या बाजारातल्या, पाइपची बिलं होती. बिजागरीची १० मिमीची पिन वाकली म्हणून १२ची घातली, त्या वाकलेल्या पिनेचा वेल्डर भाऊंना पाठवलेला फोटोही तारखेसकट होता. असे पुरावे टाकून देऊ नका.

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कर्मचाऱ्याच्या शोधासाठी वेगळं कलम नाही, त्यामुळे सगळं करारावर येऊन ठेपतं. नोकरी सोडल्यावर स्पर्धा करू नका ही अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण कंपनीची ड्रॉइंगं घेऊन गेलात तर ते कलम वाचवणार नाही. अमेरिकेत स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीने आपल्या दोन माजी कर्मचाऱ्यांच्या वोलागी या सायकल कंपनीवर दावा लावला होता. २०१२ मध्ये ज्युरीने करारभंगापोटी भरपाई दिली ती १ डॉलर. त्या काळात हे वाचून मला खूप धीर आला.

डिझाईन नोंदणीचा अर्ज विक्रीआधी करा, बाजारात आलेलं डिझाईन नवं धरत नाहीत. मी आधीच केला होता. तुमच्या शोधावर कंपनीने तुमचं नाव गाळून पेटंट मागितलं असेल, तर पेटंट कायद्याच्या कलम २८ खाली फॉर्म ८ भरा, पण पेटंट मंजूर होण्याआधी. त्याने नाव लागतं, मालकी मिळत नाही.

अखेर कंपनीने कळवलं की पुढील कारवाईचा विचार नाही. त्याच आठवड्यात कळमन्याची ऑर्डर परत आली.

आणि हो, नोकरी सोडताना लॅपटॉप व पेनड्राइव्ह जमा केल्याची सही-शिक्क्याची पोच घ्या, परिशिष्टानंतर मॅडमनी माझ्याकडे पहिली तीच मागितली.