थंडी वाजत नाही का? तुम्ही विचारलंत म्हणून

हिमालयातल्या केदारकंठा शिखरावर जाऊन आल्यापासून लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, ऑफिसात डबे उघडल्यावर, एकच प्रश्न येतो: "अहो, एवढ्या बर्फात थंडी कशी सोसली?" विचारणारे सगळे ठाण्याचे. म्हणजे पारा अठरावर आला की माळ्यावरून स्वेटर काढणारे. मीही त्यातलीच. "होते सवय" म्हणून आजवर वेळ मारून नेली, पण ते खोटं आहे. चार दिवसांत कसली डोंबलाची सवय होते?

खरं सांगायचं तर चालताना थंडी वाजतच नाही. उलट घाम फुटतो. आणि सगळी गोची त्या घामातच आहे.

केदारकंठा उत्तराखंडात, उत्तरकाशी जिल्ह्यात. उंची साधारण 12,500 फूट. डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी करत सांकरी गाठायला अख्खा दिवस गाडीत जातो. शेवटी शेवटी वळणं मोजायचंही सोडून दिलं होतं. सांकरी गावच 6,000 फुटांच्या वर आहे. आपलं कळसूबाई 5,400 फूट, म्हणजे आपल्या राज्याचं टोक ते त्यांच्या एसटी स्टँडच्याही खाली. गाडीत हे कुणीतरी बोललं आणि आमच्यातले चार-पाच पट्टीचे सह्याद्रीवाले एकदम गप्प झाले.

आम्ही 14 जण होतो. सह्याद्रीत आमची रीत ठरलेली: छाती फुटेस्तोवर ओढायचं, वर पोचलो की कातळावर पाय पसरायचे, वाऱ्यावर घाम वाळवायचा आणि संत्री सोलायची. बर्फात ही रीत अंगाशी येते. घामाने भिजलेला सुती टीशर्ट तिथे वाळत नाही, अंगाला चिकटून राहतो. पाय चालतायत तोवर काही कळत नाही. थांबलात की पाठीवर कुणी ओला, गार टॉवेल टाकल्यासारखं होतं. आणि गटाने चढायचं म्हटलं की थांबणं आलंच. कुणाची नाडी सुटते, कुणाला फोटो हवा असतो, कुणाला आडोसा.

बरं, पुढे सटकायचीही सोय नाही. बर्फात आधीच्यांच्या पावलांनी मळलेली एकच वाट असते. तिच्याबाहेर पाय टाकला की मांडीपर्यंत आत. त्यात आमच्या गाइडने सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाला मुद्दाम आपल्या मागे, म्हणजे रांगेत पहिलं ठेवलं होतं. हे होते सांगलीचे एक काका, वय 63. दहा पावलं, थांबा, श्वास. दहा पावलं, थांबा, श्वास. जुडा का तालाबच्या मुक्कामापर्यंत मला ते गोड वाटत होते. दुसऱ्या दिवशी नाही.

रात्रीच्या युक्त्या विचारणारेही बरेच आहेत, म्हणून सांगून टाकते. उद्याचे मोजे स्लीपिंग बॅगेत, पोटाशी. फोन तिथेच, कारण गारठ्यात बॅटरी बसते. पाण्याची बाटली उलटी ठेवायची; बर्फ वरून धरायला लागतो, म्हणजे सकाळी सुलटी केली की तोंड मोकळं असतं. बूट मात्र मी तंबूच्या दाराशी सोडले होते. पहाटे अडीचला नाड्या तारेसारख्या ताठ झालेल्या. त्या वाकवता वाकवता बोटं बधिर झाली.

तीनला निघालो. मी तंबूतूनच जाडजूड पिसांचं जॅकेट चढवून आले होते. गाइड म्हणाला, "दीदी, ये उतारो। निकलते टाइम थोड़ी ठंड लगनी चाहिए।" मी मनात म्हटलं, तू इथला, तुला काय. नाही काढलं. अर्ध्या तासात आत भट्टी पेटली. कपाळावरून घाम डोळ्यांत, पाठ चिंब. तरी बरंच वाटत होतं, थंडीला जिंकल्यासारखं.

शेवटच्या उभ्या चढाआधी काकांच्या बुटाखालच्या काट्यांचा पट्टा निसटला. अंधारात, कपाळावरच्या बॅटरीच्या उजेडात गाइड गुडघ्यावर बसून तो परत चढवतोय आणि आम्ही 13 जण एकामागे एक उभे. पंधरा मिनिटं असतील. दुसऱ्याच मिनिटाला माझी पाठ गार पडली, पाचव्याला दात वाजायला लागले. हातमोजे आतून ओले, बोटांची जाणीवच नाही. मला काकांचा इतका राग आला की आज लिहितानाही लाज वाटते. या वयात यावं कशाला, इथपर्यंत गेले मी.

काका मात्र निवांत. दहा पावलं चालून थांबणाऱ्याला घाम येतोच कुठे? सदरा कोरडा, हात कोरडे. माझं थडथडणं दिसलं तसं त्यांनी जॅकेटच्या आत हात घातला आणि लोकरीचे हातमोजे काढून दिले. त्यांच्या छातीच्या उबेने गरम झालेले. "सूनबाईंनी दोन जोड दिलेत. घाला. आणि आतला टीशर्ट बदला, आम्ही तोंड फिरवतो." बदलला. उणे तापमानात, अंधारात, 13 पाठींच्या आड. ते अर्धं मिनिट आयुष्यात विसरणार नाही.

माथ्याचं फार सांगत नाही, फोटो तुम्ही पाहिलेत. स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काला नाग ही समोरची शिखरं ओळीने तांबडी होत गेली, माथ्यावर रोवलेल्या त्रिशूळापाशी कुणी आरती म्हटली. गर्दी मात्र दादरच्या पुलासारखी, आणि वाटेत बर्फात रुतलेली मॅगीची पाकिटं. त्याचा राग आला, तो अजून आहे.

उतरताना वाट रुंद झाली. बरेच जण बसून घसरत, ओरडत खाली गेले. मी काकांच्या मागेच राहिले. त्यांनी दोनदा वळून विचारलं, "पुढे जायचंय का?" नाही म्हटलं. हातमोजे परत द्यायचे राहून गेले ते सांकरीत जेवताना लक्षात आलं.